छाट

चोपड्याच्या किंवा शिरपूरच्या आठवडे बाजारात एखादा मुरलेला म्हातारा विडीचे बंडल घेताना पाहावा. तो आधी ओढत नाही, ऐकतो. एक विडी काढून कानाशी धरतो आणि अंगठा-तर्जनीत हलकेच फिरवतो. पान कुरकुरले तर विडी नीट वाळलेली, मुकी राहिली तर सादळलेली. मग दाबून बघतो. मध्येच बोट आत गेले तर तंबाखू घालताना हात आखडता घेतला आहे. पानाची शीर जाड दिसली तर विडी एका अंगाने जळत जाणार, म्हणजे अर्धी तंबाखू फुकट. शेवटी तो दुकानदाराला विचारतो, "कडक आहे का, भो?" उत्तराची त्याला गरज नसते. बोटांनी ते आधीच दिलेले असते.

सिगारच्या पारखीवर साहेबाने ग्रंथ लिहिले. 1887 साली शेरलॉक होम्स पहिल्यांदा वाचकांपुढे आला, तो राखेवरून त्रिचनापल्लीचा चिरूट ओळखतच. आपल्या बाजारातल्या या म्हाताऱ्यावर कोणी गोष्ट लिहिली नाही. तरी त्याची पारख कमी अस्सल नाही, आणि त्याच्या हातातली वस्तूही सिगारच्या नात्यातलीच आहे. सिगारमध्ये तंबाखूभोवती तंबाखूचेच पान असते, विडीत ते जंगलातल्या टेंभुर्णीचे असते. एवढाच फरक, पण स्वस्ताईचे सगळे गुपित त्यात आहे. तंबाखूचे पान शेतात पिकवावे लागते. टेंभुर्णी मात्र सातपुड्यात आपली आपण उगवते, आणि जे आपोआप उगवते त्याचे मोल करायचे नसते, असा आपला जुना समज आहे.

तंबाखू खानदेशाच्या दारावरून गेली ती फार लवकर. जानेवारी 1601 मध्ये असीरगड पडला, खानदेशच्या फारुकी सुलतानांचे राज्य अकबराकडे गेले आणि शाहजादा दानियालच्या नावावरून खानदेशाचे नाव काही काळ 'दानदेश' झाले. पुढे तीन-चार वर्षांत असद बेग हा अकबराचा माणूस विजापुराहून परतला, तो तंबाखू आणि जडावाची नळी घेऊन. पोर्तुगीजांनी आणलेले हे पीक दख्खनेत एव्हाना रुजले होते. दख्खनेतून आग्र्याला जाणारा राजरस्ता तेव्हा बुऱ्हाणपुरावरून, म्हणजे खानदेशच्या राजधानीतूनच जात असे. अकबराने दोन-चार झुरके घेतले, हकिमाने नाके मुरडली. 1617 मध्ये जहांगीराने बंदीचे फर्मान काढले. त्याला कोणी धूप घातली नाही. तंबाखूवरचे सरकारी फर्मान आणि प्रत्यक्ष ओढणारी माणसे यांच्यात तेव्हापासून जे अंतर पडले, ते आजही आहे.

1818 नंतर इंग्रजी अंमल आला. धरणगावला औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने 1825 मध्ये भिल्लांची पलटण उभारायला घेतली. त्या काळच्या साहेबाच्या तोंडात मद्रासकडचा चिरूट असे आणि गावकऱ्याच्या हातात चिलीम, नाहीतर जंगलातल्याच एखाद्या पानाची सुरळी. दसऱ्याला आपण आपट्याची पाने सोने म्हणून वाटतो, त्या आपट्याच्या पानांतही विड्या वळल्या जात. सोन्यात तंबाखू भरून ती जाळणारा समाज दुसरीकडे कुठे असेल, कोण जाणे. मात्र ही विडी घरची होती, ज्याची त्याने वळलेली. ती वळणारा, ओढणारा आणि पारखणारा माणूस एकच होता.

ही एकी रेल्वेने मोडली. 1870 मध्ये भुसावळवरून जबलपूरकडे जाणारा मार्ग पुरा झाला आणि मुंबई-कलकत्ता जोडली गेली. विसाव्या शतकाच्या तोंडावर जबलपूर, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात विडीचे कारखाने निघाले. गुजरातेतल्या चरोतरची तंबाखू आणि मध्य प्रांतातले पान यांची गाठ रेल्वेने घालून दिली. पुढे निपाणीची तंबाखू आली, सिन्नर, संगमनेर, सोलापूर इथे घराघरांत सुपे मांडली गेली. स्वदेशीच्या चळवळीने विडीला आणखी हात दिला. सिगारेट परकी ठरली, विडी देशी. देशभक्ती आणि धूर यांची ही सांगड आज विचित्र वाटते, पण तिच्यामुळेच विडीला एक भाबडे पुण्य चिकटले. गरिबाचा विरंगुळा, गरिबाचा रोजगार, तिला हात लावू नये. माझे भांडण आहे ते या पुण्याशी.

कारण सरकारने विडीला हात लावलाच नाही, असे मुळीच नाही. 1948 मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाड सरकारने कायदा केला, की शेतीच्या हंगामात ठरावीक गावांत विड्या वळायला बंदी करता येईल. कायद्यामागे विडी कामगाराच्या छातीची काळजी नव्हती, पेरणी-कापणीला मजूर मिळत नाहीत ही बागाईतदाराची ओरड होती. सागर जिल्ह्यातले प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि नोव्हेंबर 1950 मध्ये, राज्यघटना लागू झाल्याच्या पहिल्याच वर्षात, न्यायालयाने ही बंदी घटनाबाह्य ठरवली. म्हातारे, अपंग, शेतीकाम न करू शकणाऱ्या बायका यांनाही ती लागू होत होती, हे न्यायालयाला खटकले. धंदा करण्याच्या स्वातंत्र्यावर विद्यार्थी आजही जो निकाल घोकतात, तो विडीचा आहे.

त्यानंतर 1966 चा कायदा. त्याच्या नावातच विडी आणि सिगार शेजारी बसले आहेत: विडी व सिगार कामगार (सेवाशर्ती) कायदा. कारखान्यांना लागू असलेले नियम टाळण्यासाठी मालकांनी काम घरोघरी वाटले होते, म्हणून घरी काम करणारी बाईही कामगार आहे, हे या कायद्याला लिहून सांगावे लागले. आणि त्याच्या नियमांत एक शब्द आला, जो विडीच्या धंद्यात पूर्वीपासून होता: छाट.

बाई दिवसभर मांडीवर सूप घेऊन बसते. पान भिजवते, पत्र्याच्या मापाने कातरते, तंबाखू भरते, वळते, तोंड दुमडते, दोरा बांधते. हजार विड्यांना आठ-दहा तास सहज जातात. संध्याकाळी माल घेऊन जायचे, तिथे तपासणारा बसलेला असतो. सैल, आखूड, फाटके पान अशा विड्या तो बाजूला काढतो. ती छाट. तिची मजुरी नाही, आणि बहुतेकदा त्या विड्या परतही मिळत नाहीत. मुळात पानेच खराब दिली होती, ही तक्रार जिथे विडी तिथे ऐकू येते. नियमांनी छाटीला टक्केवारीची मर्यादा घातली आणि 1974 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा उचलून धरला. तरीही तपासणाऱ्याच्या बोटांवर मर्यादा कोण घालणार? बाजारातल्या म्हाताऱ्याची पारख आणि याची पारख, बोटे सारखीच फिरतात. म्हाताऱ्याची चूक झाली तर त्याचे बंडल वाया जाते. याची चूक झाली की बाईचा दिवस जातो.

केरळात मालकांनी कायद्यातून अंग काढून कारखाने बंद केले, तेव्हा 1969 मध्ये कण्णूरच्या कामगारांनी 'दिनेश बीडी' ही सहकारी संस्था काढली. साखर आणि दूध सहकारात आणणाऱ्या महाराष्ट्राला विडीत तसे काही मोठे उभारता आले नाही. सोलापुरात कुंभारीला विडी कामगार बायकांची 10 हजार घरे झाली, ती मोठी गोष्ट. पण ते घराचे झाले, धंद्याचे नव्हे.

कराची कहाणी तर अधिकच बोलकी आहे. वर्षाला 20 लाखांपर्यंत हाताच्या विड्या करणाऱ्याला अबकारी माफ होती. परिणाम उघड होता, कागदावर सगळेच छोटे झाले. 1976 पासून विडीवर कामगार कल्याणाचा उपकर होता. त्यातून दवाखाने चालत, मुलांना शिष्यवृत्त्या मिळत. 2017 मध्ये जीएसटी आला आणि हा उपकर गेला. सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी परिषदेने सिगारेट आणि सिगारवर 40 टक्के कर ठरवला, विडीवरचा मात्र 28 वरून 18 टक्क्यांवर आणला. विडीच्या पानावरचा 18 वरून 5 वर. कारण तेच, गरिबाचा रोजगार.

ही दया कोणाला पोचते? ओढणाऱ्याला नाही. सिगारेटमध्ये असते त्याच्या जेमतेम पाव तंबाखू विडीत असते, पण टेंभुर्णीच्या पानातून हवा जात नाही. विडी विझू नये म्हणून पुन्हा पुन्हा, खोल ओढावी लागते आणि छातीत जाणारे विष कमी होत नाही. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत विडी ओढणाऱ्या पुरुषांचे आयुष्य सरासरी 6 वर्षांनी आणि बायकांचे 8 वर्षांनी कमी झालेले दिसले. वळणारीलाही ती पोचत नाही, कराची टक्केवारी उतरली म्हणून तिच्या हजारीचा दर चढत नाही. कर वाढवून तोच पैसा तिच्या दुसऱ्या कामासाठी बाजूला काढला असता, तर रोजगाराची भाषा खरी वाटली असती.

खानदेशात या साखळीचे पहिले टोक आहे. यावल, रावेर, चोपडा, शिरपूरच्या वर सातपुड्यात फेब्रुवारी-मार्चमध्ये टेंभुर्णीची झुडपे छाटतात, दीड महिन्याने कोवळी पालवी येते. कुठे पालवीसाठी म्हणून आगही लावली जाते आणि डोंगर जळतो. 2006 च्या वनहक्क कायद्याने या पानावर ग्रामसभेची मालकी मान्य केली. ती कागदावरून फडावर, म्हणजे पाने मोजून घेतात त्या जागी, उतरायला मात्र फार वेळ लागतो आहे.

मे महिन्यात पहाटे पावरा, भिल्ल घरांतली सगळी माणसे जंगलात जातात. दुपारी सावलीत बसून पाने जुळवतात, पुडे बांधतात, संध्याकाळी फडावर मोजून देतात. किडके, फाटके, लाल डागाचे पान मोजणारा बाजूला टाकतो. पुडे उन्हात आठवडाभर पसरलेले असतात. आणि मग एखाद्या दुपारी सातपुड्यामागून ढग उठतात. वळवाची सर येण्याआधी बायका-पोरे धावत सुटतात, हाताला लागतील तेवढे पुडे ताडपत्रीखाली ढकलतात. उरलेल्यांवर पाणी पडते, दुसऱ्या दिवशी पाने काळी होतात, आणि मोजणारा त्यांना हात लावत नाही.