मोह म्हणजे फक्त दारू नाही

मोह म्हटलं की बहुतेकांना पहिली आठवते ती दारू. कुणी नाक मुरडतं, कुणी डोळा मारतं. माझं भांडण दोघांशीही आहे.

मार्च-एप्रिलमध्ये गडचिरोलीच्या एखाद्या गावात पहाटे जाऊन बघा. रात्रीतून गळलेली पिवळसर, रसाळ फुलं बायका-पोरं वेचत असतात. ती अंगणात वाळवून वर्षभर पुरवतात. उकडून खातात, भाजून-कुटून लाडू करतात, पिठात मिसळून भाकरी थापतात. पुढे फळं येतात, बियांचं तेल निघतं; तेच स्वयंपाकाला, दिव्याला, अंगाला. शेतासाठी जमीन साफ करतानाही मोहाचं झाड राखतात, ते यासाठी. दारूही आहेच, सणाला, लग्नाला, देवापुढे. पण या यादीतली ती एक ओळ आहे.

त्या एका ओळीने अख्खं झाड झाकलं ते महसुलाच्या हिशेबातून. घरी गाळलेल्या दारूतून इंग्रज सरकारला कर मिळत नव्हता. म्हणून मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा आला. १८९२ च्या मोहाच्या कायद्याने तर ठाणे-कुलाब्यात थेट फुलांवरच निर्बंध आणले. इंग्रज गेले, संशय राहिला. फुलं साठवण्यावरचे, वाहून नेण्यावरचे निर्बंध महाराष्ट्राने सैल केले ते थेट २०२१ मध्ये!

तुम्ही म्हणाल, दारूने घरं बुडतात. बुडतातच. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी झाली ती लोकांच्या चळवळीतून, आणि त्या चळवळीतल्या बायकांशी माझा वाद नाही. पण द्राक्षाची वाइन होते म्हणून नाशिकच्या बागायतदाराच्या पिशव्या कुणी तपासत नाही. उसाच्या मळीपासून दारू होते, तरी साखर कारखान्याचे चेअरमन सन्माननीयच. संशय फक्त मोह वेचणारीवर का?

आता तीच दारू देखण्या बाटलीत ‘हेरिटेज’ म्हणून विकली जाते. वेचणारी मात्र पैशाची नड असते म्हणून भर हंगामात, पडेल त्या भावाला फुलं विकते. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर तिची मालकी मानली आहे. पण माल थांबवून ठेवायला कोरडी जागा आणि हातात उचल नसेल, तर त्या मालकीचं ती काय करणार? ग्रामसभांना गोदाम आणि खेळतं भांडवल द्या. कौतुक नंतर करू.

आणि मोहावरचा पुढचा विनोद फॉरवर्ड करण्याआधी एक लाडू खाऊन बघा.