पेटलंय, या!

न्यू जर्सीतल्या आपल्या मराठी शाळेची मुले दर ऑक्टोबरात अग्निशमन केंद्र बघायला जातात. 1871 साली 8 ऑक्टोबरच्या रात्री शिकागो पेटले. त्याच्या आठवणीत अमेरिकेत अग्निप्रतिबंध सप्ताह पाळतात आणि त्या दिवसांत बरीच केंद्रे मुलांसाठी उघडी ठेवतात. मुले बंबावर चढतात, हेल्मेट घालून फोटो काढून घेतात. मला मात्र त्या सहलीतली पाच मिनिटे सगळ्यांत मोलाची वाटतात. जवान मुलांसमोर एकेक वस्तू अंगावर चढवतो. बूट, कोट, पाठीवर हवेची टाकी आणि शेवटी मुखवटा. मुखवट्याआडून श्वासाची घरघर ऐकू आली की लहान मुले आईला बिलगतात. खऱ्या धुरात असा माणूस समोर आला तर घाबरलेले मूल पलंगाखाली लपते आणि सापडत नाही. मुखवट्याआडचा चेहरा आधी पाहिलेला असेल, तर ते हाकेला ओ देते. एवढ्यासाठीसुद्धा ही सहल हवीच.

पण सहल मराठी शाळेची असेल, तर तिचा निम्मा धडा मराठीत व्हायला हवा, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

जवानाने माझ्या आठ वर्षांच्या मुलीला विचारले, ‘911ला काय सांगशील?’ तिने घराचा नंबर, रस्ता, गाव सगळे इंग्रजीत खडाखडा सांगितले. त्यानंतरच्या मे महिन्यात आम्ही मोडनिंबला होतो. पुणे-सोलापूर महामार्गावरचे माढा तालुक्यातले हे आमचे गाव, आणि घर गावाबाहेर वस्तीवर. भर दुपारी शेजारच्या वस्तीवरची कडब्याची गंज पेटली. वरून विजेच्या तारा गेलेल्या, म्हणून आधी वायरमनला फोन करून लाईट बंद करायला लावली. लाईट गेली तशी विहिरीवरची मोटरही बंद पडली. मग डाळिंबावर फवारणी करायचा ट्रॅक्टरचा ब्लोअर पाणी भरून आणला, मागोमाग एक टँकर आला. बायकांनी गोठ्यातल्या म्हशींची दावी विळ्याने कापली. त्या गडबडीत आजोबांनी फोन लेकीच्या हातात दिला : ‘कुठं यायचं सांग त्यांना!’ ती गप्प उभी राहिली. पत्ता होता तो असा : ओढा ओलांडला की चिंचेपासून डाव्या हाताला, पाण्याच्या टाकीच्या अलीकडे. यातला एकही शब्द तिच्या तोंडात बसलेला नव्हता.

बंब आला तेव्हा राख भिजवायचेच काम उरले होते. आलेल्या जवानांना दोष देण्यात अर्थ नाही, ते लांबून जीव तोडून आले होते. 74व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा हा नगरपालिकांचा विषय म्हणून लिहिला आहे. ग्रामपंचायतींसाठी असलेल्या अकराव्या अनुसूचीत 29 विषय आहेत, त्यांत अग्निशमन नाही. त्यामुळे ऊस पेटो की कडबा, खेड्याला वाट पाहायची ती पंढरपूर-कुर्डुवाडीसारख्या गावच्या नगरपालिकेच्या नाही तर साखर कारखान्याच्या बंबाची. तोवर शेजारी हेच अग्निशमन दल. सोलापूर जिल्ह्यात ग्रामसुरक्षा यंत्रणा आहे, एका फोनवर गावभरचे मोबाइल वाजतात आणि फोन करणाऱ्याचाच आवाज सगळ्यांना ऐकू जातो. त्या आवाजाला बोलता आले पाहिजे. न्यू जर्सीत इंग्रजीतून यंत्रणा हलते, मोडनिंबला माणसे हलवावी लागतात, आणि ती मराठीतूनच हलतात.

काही पालक म्हणतात, चार आठवड्यांसाठी जातो, मुलांना कशाला भीती घालायची? भीती बोलता न आल्याची असते. माझी मुलगी त्या रात्री रडली ती जाळाला घाबरून नव्हे, आजोबांनी सांगितलेले काम जमले नाही म्हणून. 112 लावला तरी वस्ती कुठे ते सांगावेच लागते. आपण मराठी शाळेत रंग, प्राणी, फळे शिकवतो, आणि ‘पेटलंय, या’ हे दोन शब्द शिकवायचे राहून जातात.

म्हणून शाळेने दुसरा तास 14 एप्रिलच्या आठवड्यात ठेवावा. 1944 साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत स्फोटके भरलेले जहाज फुटले आणि साठाहून अधिक अग्निशमन जवान गेले. भारतात तो दिवस अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. त्या तासाला प्रत्येक मुलाने आजी-आजोबांच्या घराचा नकाशा काढावा, वाट तोंडी सांगावी, दुसऱ्या मुलाने ती ऐकून कागदावर गिरवावी. वाट चुकली तर पुन्हा सांगावी.

आमच्याकडे हे सुरू झाले आहे. लेकीने ओढा, चिंच, टाकी काढून नकाशा आजोबांना फोनवर दाखवला. ते म्हणाले, ‘चिंच तोडली गं मागच्या महिन्यात. पण पुसू नकोस. लोक अजून चिंचेपाशीच वळतात.’