चुलीवरची साखळी

मैत्रिणींनो, परवा वर्गात नकाशावर कॉकेशस पर्वत दाखवत होते. एका मुलीनं विचारलं, "बाई, एवढ्या डोंगरात माणसं राहतात?" तिला एर्झीची हकिकत सांगितली, तीच आज तुम्हांला सांगते.

रशियाच्या दक्षिणेला, जॉर्जियाच्या सीमेलगत इंगुशेतिया आहे. तिथं आर्मखी नदीच्या खोऱ्यात एर्झी हे गाव. एर्झी म्हणजे गरुड. आज तिथं उरलेत ते दगडी बुरूज. काही रुंद, दोन-तीन मजली. ती राहती घरं. खाली गुरं, वर माणसं आणि मधोमध भार पेलणारा दगडी खांब. काही उंच, वर निमुळते होत गेलेले, ते लढाईचे. त्यांचं दार जमिनीलगत नाहीच! शिडीनं चढायचं. डोंगरात पिकाऊ जमीन हातभर, म्हणून घरं खडकावर बांधायची आणि माती शेताला राखायची. केवढं हे संसारी शहाणपण!

मला मात्र भावली ती इंगुश घरातल्या चुलीवरची साखळी. भांडं टांगायची ही लोखंडी साखळी फार पवित्र. ज्याच्याशी रक्ताचं वैर, त्यानं जरी घरात शिरून तिला हात लावला, तरी त्याला अभय मिळायचं.

या चुली विझल्या १९४४ साली. २३ फेब्रुवारीला, ऐन थंडीत, शत्रूला सामील असल्याचा ठपका ठेवून स्टालिनच्या सरकारनं इंगुश आणि शेजारच्या चेचेन लोकांना बायकामुलांसकट घराबाहेर काढलं. जवळजवळ पाच लाख माणसं मालगाड्यांत भरून कझाकस्तान-किरगिझियाकडे धाडली. थंडीनं, उपासमारीनं, रोगराईनं कितीतरी दगावली. १९५७ साली परतायची परवानगी मिळाली. पण डोंगरातल्या जुन्या गावांत राहायला बंदीच होती. लोक सपाटीवर राहिले, बुरूज वर एकटे.

माझ्या माहेरचं घरही बंद असतं, बरं का. आई गेल्यावर आम्हीच कुलूप लावलं. त्याचं फार वाईट वाटायचं. आता वाटतं, कुलूप आपल्या हातानं लावलं आणि किल्ली माझ्या कपाटात आहे, हे काय थोडं आहे?

तुमच्याकडेही अशी एखादी किल्ली असेल, तर या सुटीत मुलांना घेऊन जा. केर काढा, दिवा लावा. चूल कुठं होती, पाणी कुठून आणायचे, ते त्यांना दाखवा. एर्झीच्या आयांना ते दाखवता आलं नाही.