पुरानंतरची खिचडी आणि पुराआधीचा नकाशा

२०२१ साली बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे २२ जुलैला, वाशिष्ठीचं पाणी चिपळूणमध्ये शिरलं. दोन दिवसांत आमच्या मोहल्ल्यातल्या पोरांनी चंदा जमवला. चटया, ब्लँकेटं, भांडी, तांदूळ, डाळ भरून टेम्पो निघाला. टेम्पोसोबत मीही गेलो. औरंगाबादहून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरहून, चिपळूण जवळ नाही. रात्रभर प्रवास करून पोहोचलो तर बाजारपेठेत गुडघाभर चिखल आणि दुकानांबाहेर भिजलेल्या मालाचे ढीग. आमच्याआधी किती तरी गावांहून आलेली माणसं खिचडी शिजवत होती, गाळ उपसत होती. कोण कुठल्या जातीधर्माचा, हे कोणी विचारत नव्हतं. त्या दिवशी आपल्या पोरांचा खरंच अभिमान वाटला.

गोवळकोटच्या बाजूला एका घरात सामान द्यायला गेलो होतो. घरमालकाने भिंतीवरची जुनी, पुसट खूण दाखवली. ती २६ जुलै २००५ च्या पुराची. तिच्या बऱ्याच वर ओल्या चिखलाची नवी रेघ होती. तो म्हणाला, "तेव्हाही बाहेरून टेम्पो आले होते. तेव्हाही खिचडी होती."

टोमणा मारायचा त्याचा हेतू नव्हता. पण ते वाक्य मला अजून बोचतं. पूर आल्यावर धावून जाण्यात आपण कुणाच्या मागे नाही. पण पूर येण्याआधी, पाणी कुठवर येईल हे कागदावर मांडलं जात असतं, रेषा आखल्या जात असतात, तेव्हा आपण कुठे असतो? माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्या शिकलेल्या मुलामुलींनी आता टेम्पोइतकंच नकाशाकडेही लक्ष द्यायला हवं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. समुद्राशी माझं नातं सासरचं. बायकोचं माहेर रत्नागिरीतल्या राजिवड्याचं, जिथे काजळी नदी समुद्राला मिळते. राजिवडा, मिरकरवाडा या मुस्लिम मच्छीमारांच्या जुन्या वस्त्या. चिपळूणहून परतल्यावर मी ठरवलं, आपल्याला येतं ते करू. क्यूजीआयएस हे नकाशे बनवण्याचं मोफत सॉफ्टवेअर उतरवून घेतलं, उपग्रहांचा मोफत डेटा घेतला आणि दोन-तीन रात्री जागून राजिवड्याचा पूरधोक्याचा नकाशा तयार केला. पाणी येईल तो भाग लाल, कोरडा राहील तो हिरवा. सासूबाईंचं घर हिरव्यात होतं. मी मोठ्या हौसेने त्यांना मोबाईलवर दाखवलं.

त्या हसल्या. म्हणाल्या, "तुमच्या कंप्युटरला सांगा, उधाणाच्या भरतीला मोठा पाऊस लागला की आमच्या ओट्यावर पाणी असतं."

चूक कुठे झाली ते शोधायला मला आठवडा लागला. मी जो उंचीचा डेटा वापरला, तो फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या एंडेव्हर अंतराळयानाने अकरा दिवसांत रडारने मोजलेला. जगभर तो वापरला जातो. पण त्या रडारची लहर माडाच्या शेंड्यावर, घराच्या कौलांवर आदळूनही परत येते. म्हणजे जमीन दोन मीटर उंचीवर असली तरी दाट माडांमुळे डेटा तीच पाच-सहा मीटर दाखवू शकतो. शिवाय ३० मीटर बाय ३० मीटरच्या एका चौकोनाला एकच उंची. त्या चौकोनात आमच्याकडची पाच-सहा घरं, गल्ली आणि विहीर सगळं मावतं. ही फक्त माझ्यासारख्या नवशिक्याची अडचण नव्हती. २०१९ मध्ये क्लायमेट सेंट्रल या संस्थेच्या संशोधकांनी हीच त्रुटी दुरुस्त करून हिशेब मांडला, तेव्हा जगात किनारी पुराच्या धोक्यात असलेल्या माणसांची संख्या आधीच्या अंदाजाच्या सुमारे तिप्पट निघाली. उंचीच्या आकड्यातली चूक म्हणजे शेवटी माणसंच मोजणीतून सुटणं.

दुसरी चूक किनाऱ्याची. मिऱ्याचा किनारा समुद्र खातोय, हे रत्नागिरीत कुणालाही विचारा. तिथे वर्षानुवर्षे दगडांचे बंधारे बांधले गेले, आता काँक्रीटचे टेट्रापॉड आले. जून २०२० मध्ये निसर्ग वादळात 'बसरा स्टार' हे जहाज याच किनाऱ्यावर येऊन रुतलं. मी दोन वर्षांच्या उपग्रह प्रतिमा एकमेकींवर ठेवल्या आणि पाण्याची कड चाळीस मीटर आत आलेली पाहून हादरलो. मग लक्षात आलं की एक प्रतिमा ओहोटीची होती आणि दुसरी भरतीची! उतार मंद असेल, समजा तीस मीटर चालल्यावर एक मीटर खाली, तर भरती-ओहोटीतल्या दोन मीटरच्या फरकाने पाण्याची कड साठ मीटर सरकते. समुद्राने काही खाल्लेलं नसतानाही. त्यात पावसाळ्यात लाटा पुळणीवरची वाळू ओढून नेतात आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्यातली बरीच परत आणून टाकतात. म्हणून तुलना करायची तर एकाच ऋतूतली, भरतीची सारखी वेळ पाहून आणि दोन नाही तर वीस-तीस वर्षांच्या प्रतिमांची. लँडसॅटच्या ३० मीटर तपशिलाच्या प्रतिमा १९८४ पासूनच्या मिळतात, सेंटिनेल-२ च्या १० मीटरच्या २०१५ पासून. दोन्ही फुकट.

असं काम आपल्या देशात झालेलंही आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय तटीय संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातल्या प्रतिमा तपासून देशाच्या किनाऱ्याचा आढावा घेतला. देशाच्या मुख्य भूमीचा जवळपास एक तृतीयांश किनारा झिजतोय आणि महाराष्ट्राचा सुमारे पाव, असं त्यात दिसलं. आपला बराचसा किनारा खडकाळ म्हणून स्थिर आहे. पण ज्या पुळणींवर आणि खाड्यांच्या तोंडाशी माणसं राहतात, होड्या लागतात, मासळी सुकते, तिथे खडक नाही, वाळू आहे. राज्याची सरासरी वाचून राजिवड्याला काही कळत नाही.

एक गंमत सांगतो. भारताचा किनारा ७,५१६.६ किलोमीटर, हे आपण शाळेत पाठ केलं. नव्या मोजणीत तो ११,०९८.८१ किलोमीटर निघाला. महाराष्ट्राचा सुमारे ६५३ वरून ८७८ वर गेला. समुद्र लांबला नाही. आधीची मोजणी ढोबळ नकाशावर होती, नवी बारीक नकाशावर, त्यामुळे प्रत्येक खाडी, प्रत्येक वळण मोजलं गेलं. किती बारकाईने पाहायचं ठरवलं, त्यावर काय अस्तित्वात आहे हे ठरतं. वस्त्यांचंही तसंच.

कारण नकाशातली रेषा नुसती रेषा राहत नाही. तिच्यावर कायदा उभा राहतो. किनारपट्टी नियमन क्षेत्राची, म्हणजे सीआरझेडची अधिसूचना पहिल्यांदा १९९१ मध्ये आली, मग २०११ आणि २०१९ मध्ये बदलली. भरतीची रेषा कुठे आखली, यावर घर दुरुस्त करता येईल की नाही, रिसॉर्ट होईल की नाही, हे ठरतं. २०११ च्या अधिसूचनेत स्पष्ट लिहिलं होतं की मच्छीमारांची गावं, त्यांच्या सामायिक जागा, जेट्टी, बर्फाचे कारखाने, मासळी सुकवण्याच्या जागा किनारा व्यवस्थापन आराखड्याच्या गावपातळीवरच्या नकाशांत दाखवल्या पाहिजेत आणि त्यांच्या घरांच्या पुढच्या गरजेचा आराखडा करायला हवा. पूर, लाटा, धूप आणि समुद्रपातळीतली वाढ धरून आखायच्या धोकारेषेचा उपयोग २०१९ च्या अधिसूचनेत आपत्ती व्यवस्थापनाच्या नियोजनापुरता ठेवला गेला. हे सगळं मराठीत समजावून सांगणारा तरुण आपल्या किती मोहल्ल्यांत आहे?

इथे मला मामूंचा प्रश्न प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. बायकोचे मामू जुने तांडेल. सुधारलेला नकाशा त्यांना दाखवला. आता त्यात सासूबाईंचं घर लाल होतं आणि त्यांचंही. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "जमाई, हा लाल रंग तुम्ही भरलात. उद्या कुणी हाच कागद दाखवून म्हणालं, इथे धोका आहे, उठा, तर?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ही भीती पोकळ नाही. चिपळूणचंच पाहा. जलसंपदा विभागाच्या निळ्या पूररेषेचा अर्थ पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल रेषेचा शंभर वर्षांतून एकदा येणारा. २०२१ नंतर या रेषांवरून शहर ढवळून निघालं, कारण रेषेच्या आत आलं की बांधकामावर निर्बंध येतात. लोक रस्त्यावर उतरले. त्यांचं म्हणणं होतं, आधी नदीतला गाळ काढा, रेषा रद्द करा. धोका खरा, पण त्या धोक्याची किंमत कुणी मोजायची, हाही प्रश्न तितकाच खरा. ज्याच्याकडे पक्का कागद नाही, त्याच्यासाठी लाल रंग म्हणजे आधी नोटीस आणि मग, जमलं तर, मदत.

मग नकाशाच करू नये का? मी यावर खूप विचार केला. मला वाटतं, नकाशा न केल्याने लाल रंग जात नाही, फक्त तो भरणारा हात दुसऱ्याचा असतो. त्या हाताला सासूबाईंचा ओटा माहीत नसतो. आणि नकाशात नसलेल्या वस्तीला बंधाराही मिळत नाही, वेळेवर इशाराही नाही आणि घरांच्या आराखड्यात जागाही नाही. पण मामूंच्या प्रश्नाने मला एक शिस्त लावली. नकाशा आधी वस्तीला दाखवायचा, तिच्या भाषेत समजावायचा, चुका तिच्याकडून दुरुस्त करून घ्यायच्या. घराघराचा तपशील तिच्या संमतीशिवाय इंटरनेटवर टाकायचा नाही. आणि नुसता धोका नाही, हक्कही त्याच कागदावर मांडायचा: इथे किती वर्षांपासून लोक राहतात, होड्या कुठे लागतात, जाळी कुठे सुकतात, दफनभूमी कुठे, मशीद कुठे. धोक्याचा नकाशा आणि वहिवाटीचा नकाशा वेगळे झाले, की पहिला दुसऱ्याच्या विरोधात वापरता येतो.

आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर अल-इद्रीसीचा नकाशा फिरत असतो. ११५४ मध्ये सिसिलीच्या राजासाठी त्याने जगाचा नकाशा केला, दक्षिण दिशा वर ठेवून. मीही तो फॉरवर्ड केलाय. पण तो नकाशा झाला प्रवाशांना, खलाशांना, व्यापाऱ्यांना विचारून विचारून, वर्षानुवर्षे माहिती पडताळून. वारसा सांगायचा तर त्या विचारण्याचा सांगू. मामूंना खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा कुठे सरकलाय, कुठल्या पाण्याला होडी आत आणायची, हे पाठ आहे. हा डेटा कुठल्याही उपग्रहाकडे नाही आणि मामू गेले की तो जाणार.

म्हणून कोकणातल्या आणि कोकणाबाहेरच्या माझ्या तरुण वाचकांना सांगणं आहे. सुरुवात लहान करा. मोहल्ल्यातल्या पक्क्या भिंतींवर, मशिदीच्या, शाळेच्या, जमातखान्याच्या, पुराच्या पाण्याची खूण तारखेसह ऑइल पेंटने करा आणि तिचा फोटो जागेच्या नोंदीसह ठेवा. एखाद्या नकाशाचा खरेखोटेपणा तपासायला अशा दहा खुणा पुरतात. ओपनस्ट्रीटमॅपवर आपली वस्ती आहे का बघा, नसेल तर रस्ते, पाखाड्या, विहिरी भरा. इस्रोचं 'भुवन' उघडून पाहा. आपल्या गावाचा किनारा व्यवस्थापन आराखडा शोधा, त्यातला आपल्या वस्तीचा भाग जमातीच्या बैठकीत भिंतीवर लावा आणि जनसुनावणी असेल तेव्हा नुसत्या घोषणा नाही, नकाशा घेऊन जा. घरातल्या बायकांना विचारायला विसरू नका. पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं हे त्यांना नेमकं आठवतं, कारण सामान त्यांनीच उचललेलं असतं.

आणि जे माझ्यासारखे मराठवाड्यात आहेत, त्यांनी समुद्र लांब आहे म्हणून सुटलो असं समजू नये. आमच्या शहरातून खाम नदी वाहते. एरवी तिला नाला म्हणणारे आम्ही, एखाद्या रात्री मोठा पाऊस झाला की काठच्या वस्त्यांकडे धावतो. मलिक अंबरने सतराव्या शतकात या शहराला जमिनीखालच्या नहरींनी पाणी दिलं, तेव्हा कुणीतरी इथला प्रत्येक चढउतार पायाखाली घालून मोजला असणार. आज ते मोजायला मोबाईल पुरतो.

गेल्या मे महिन्यात मी रत्नागिरीला गेलो होतो. सासूबाईंच्या ओट्याशेजारच्या खांबावर आता निळ्या रंगाच्या तीन आडव्या रेघा आहेत, प्रत्येकीपुढे तारीख. पहिली मी काढली. उरलेल्या दोन शेजारच्या दहावीतल्या मुलीने, मामूंना विचारून. तिने तिच्या वहीत भरतीची वेळही लिहून ठेवली होती. मला ते सुचलं नव्हतं.