होड्या काठावर आहेत तोवर

जून उजाडला की मालवणच्या दांडी किनाऱ्यावर होड्या वर ओढून शाकारल्या जातात. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै बंदी, आणि जूनच्या मध्यावर शाळेची घंटा. एरवी पहाटे दर्यावर असणारा बापूस नेमका पोराच्या वह्या कोऱ्या असताना घरी असतो. मधल्या सुट्टीत मात्र त्याला शाळेच्या फाटकात उभा पाहिलेला आठवत नाही.

पालकसभा बहुधा सकाळी असते. तेव्हा आवस मासळीबाजारात बसलेली. हजेरी कमी भरते आणि 'पालकांना आस्था नाही' असा शेरा पडतो. तो आम्हाला मान्य नाही. आस्थेचे घड्याळ शाळेने एकदा तपासून पाहावे.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या, एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. शाळेचा विकास आराखडा करणे, अनुदान कुठे खर्च झाले ते पाहणे, हे तिचे काम. ठराव घरी पाठवून सही आणली की समिती झाली, असे नव्हे.

कोकणाला बाप लांब असण्याची सवय जुनी. चाकरमानी मुंबईच्या गिरणीत, मनीऑर्डर पोस्टात, आणि पोराला दिव्यापुढे बसवणारी आई गावात. शाळा हे बाईचे खाते, ही समजूत तेव्हाची. दहावीच्या निकालात कोकण मंडळ वर्षानुवर्षे राज्यात पहिले येते. २०२४ मध्ये ९९.०१ टक्के. त्यात या आयांचा वाटा किती, ते गुणपत्रिकेवर छापत नाहीत. २०२२ पासूनच्या 'पहिले पाऊल' या शाळापूर्व तयारीच्या उपक्रमातही गट मातांचेच.

'माका खंय अभ्यास येता?' असे म्हणून बापूस सुटतो. पण भूगोलाच्या पुस्तकातली भांगाची नि उधाणाची भरती तो तिथीवरून सांगतो. डिझेल, बर्फ वजा करून खलाशांचे वाटे पाडणे हे अपूर्णांकाचे गणितच, आणि ते चुकले तर भांडण होते. जाळी दुरुस्त करताना पोराला शेजारी बसवून तो हिशेब त्याच्याकडून करून घ्यायला कसली पदवी लागते?

नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला की घर पुन्हा रिकामे. समितीची एक बैठक त्याआधी संध्याकाळी, बाजार उठल्यावर, किनाऱ्यावरच ठेवावी; गुरुजींनी चार पावले खाली यावे. पाऊस असला तर जाळ्यांचा मांगर आहेच.