आधी मित्राकडे मुक्काम



गणपतीच्या तयारीच्या बैठकीत यंदा सजावटीपेक्षा जास्त वेळ एकाच विषयावर बोलणं झालं: बे एरिया सोडून कुठे जायचं? ज्यांनी इथे पंचवीस-तीस वर्षं नोकऱ्या केल्या, मुलं वाढवली आणि हे मंडळ उभं केलं, ती पिढी रिटायर होते आहे. मुलं सिएटलला, ऑस्टिनला, न्यू जर्सीला. घर दुमजली आणि जिना गुडघ्यांना नकोसा झालेला. मग कुणीतरी ठरवतं, मे महिन्यात गाडी काढायची, वाटेत मित्रांकडे राहत राहत थेट नॉर्थ कॅरोलायनातल्या केरीपर्यंत जायचं आणि गाव आवडलं तर तिथेच घर बघायचं.

अशा प्रवासाला माझा मनापासून पाठिंबा आहे. शनिवारी विमानाने जाऊन, एजंटबरोबर सहा घरं बघून रविवारी परत येणाऱ्यांना ओटा, बाथरूम आणि मागचं अंगण यापलीकडे काही कळत नाही. गाडीने गेलं की दोन गावांमधलं अंतर शरीराला कळतं. इथून विमानतळ किती तासांवर आहे, भारतातून येणाऱ्या बहिणीला किती विमानं बदलावी लागतील, वाटेत घाट किती, हे सगळं आपोआप समजत जातं.

केरीकडे नेणारा आय-४० महामार्ग बार्स्टोला सुरू होतो आणि सुमारे अडीच हजार मैलांनंतर नॉर्थ कॅरोलायनात विल्मिंग्टनला संपतो. फ्लॅगस्टाफ, अल्बुकर्की, अमरिलो, ओक्लाहोमा सिटी, मेम्फिस, नॅशव्हिल, अ‍ॅशव्हिल आणि मग राली. केरी रालीला अगदी लागून आहे. आम्ही गेलो तेव्हा डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती, ती न्यू मेक्सिकोपर्यंत पुरली. त्यापुढे कॉलेजातली मैत्रीण, पहिल्या नोकरीतला सहकारी, पूर्वी आपल्या नाटकात काम केलेलं जोडपं अशी एकेक घरं लागत गेली आणि प्रत्येक घराने आपापल्या गावाची खरी बाजू दाखवली.

केरीबद्दल इथे बरंच बोललं जातं, त्याला कारण आहे. १९५९ मध्ये जवळच रिसर्च ट्रँगल पार्क उभा राहिला. त्याच्या तीन बाजूंना तीन मोठी विद्यापीठं असल्याने नोकऱ्या आल्या, आणि नोकऱ्यांमागून आपली माणसं. पण मला तिथे सगळ्यात जास्त आवडली ती तिथल्या मैत्रिणीची बुधवारची संध्याकाळ. तिने आमच्यासाठी रजा घेतली नव्हती, मीच घेऊ दिली नव्हती. कामावरून आल्यावर ती शेजारच्या गल्लीतल्या आजोबांना इंजेक्शन द्यायला गेली, मलाही बरोबर नेलं. परतताना आणखी दोन घरी डोकावून आलो. कुणालाही आधी फोन केला नव्हता. आमच्या इथे मला हे कितीतरी वर्षांत जमलेलं नाही.

म्हणून माझं सांगणं आहे, मित्राकडे मुक्काम कामाच्या दिवसांत करा. वीकएंडला प्रत्येक गाव पाहुण्यासाठी सजलेलं असतं. मंगळवारी सकाळी किराण्याला जा, डॉक्टरची नवी अपॉइंटमेंट किती आठवड्यांनी मिळते ते विचारा, बाहेर चालायला कोण दिसतं ते बघा. आणि यजमानांना एक प्रश्न नक्की विचारा: रात्री दोन वाजता तब्येत बिघडली तर तुम्ही कुणाला फोन करता? ज्यांना चटकन तीन नावं सांगता आली, त्यांच्या गावात मी आनंदाने राहीन. ज्यांना एकही नाव सुचलं नाही, त्यांचं घर कितीही देखणं असलं तरी त्या गावाचा विचार मी सोडून देईन.

ऋतूही बघून निघावं. तिथली माणसं ज्या महिन्याला कंटाळतात, त्याच महिन्यात जावं. फिनिक्सचा जानेवारी कुणालाही भुलवेल, पण २०२३ च्या उन्हाळ्यात तिथे सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइटला पोचत होता, म्हणजे ४३ सेल्सिअसच्या वर. ऑस्टिनच्या मित्राला २०२१ च्या फेब्रुवारीबद्दल विचारा, बर्फात वीज गेल्यावर घरात काय हाल झाले ते तो सांगेल. अ‍ॅशव्हिल डोंगरात, समुद्रापासून लांब, म्हणून अनेकांना निर्धास्त वाटायचं. २०२४ च्या सप्टेंबरात हेलेन वादळ तिथवर पोचलं. कित्येक आठवडे नळाला पिण्याचं पाणी नव्हतं आणि दरीतला आय-४० वाहून गेल्यामुळे पुढच्या मार्चपर्यंत बंद राहिला. धोका नाही असं गाव मला कुठे दिसलं नाही. आपल्याला कुठला धोका झेपेल, ते मात्र आधी ठरवता येतं.

पैशांचं थोडक्यात. टेक्ससमध्ये राज्याचा आयकर नाही, पण घरावरचा कर चांगलाच जड आहे. आपल्याकडे १९७८ च्या प्रपोझिशन १३ मुळे जुन्या घराची करासाठीची किंमत वर्षाला फार तर २ टक्के वाढते. पंचावन्न वर्षांवरच्या मालकांना ती सवलत प्रपोझिशन १९ खाली कॅलिफोर्नियातल्या दुसऱ्या घराला नेता येते, राज्याबाहेर नाही. फॉल्सम किंवा रोझव्हिलचा विचार करणाऱ्यांना हे फार उपयोगी आहे. मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेज घेतलेल्यांनी लक्षात ठेवावं, ती योजना काउंटीला बांधलेली असते. गाव बदललं की बहुधा योजना आणि डॉक्टर दोन्ही बदलतात. आणि एच-१बीवर असलेल्या तरुण सभासदांनी घरून काम आहे म्हणून परस्पर सामान हलवू नये. कामाची जागा दुसऱ्या महानगर क्षेत्रात गेली तर कंपनीला सुधारित अर्ज करावा लागतो.

आता थोडं नाजूक बोलते. अनेकजण मुलांच्या मागे जातात. मुलांवरची माया मी समजू शकते, पण त्यांची नोकरी तीन वर्षांनी कुठे असेल हे त्यांनाही ठाऊक नसतं. मुलगा दुसऱ्या राज्यात गेल्यावर अनोळखी गावात एकटे पडलेले आईवडील मी पाहिले आहेत. एकाच मित्राच्या भरवशावर गाव बदलणाऱ्यांचंही तेच होतं, कारण मित्रही आपल्या नातवंडांकडे निघून जातो. तेव्हा एका घराच्या पाहुणचारावर निर्णय घेऊ नका. त्या मित्राची माणसं कोण, ती आपल्याला सामावून घेतील का, तिथल्या मंडळात आपल्याला करण्याजोगं काही काम आहे का, हे बघा. नुसतं प्रेक्षक म्हणून साठीनंतर कुठेही रुजता येत नाही.

यजमानांचाही विचार हवा. दोन-तीन रात्रींपेक्षा जास्त राहू नका, एका रात्रीचा स्वयंपाक आपण करा, निघताना चादरी धुऊन ठेवा.

आपलं मंडळ यात मदत करू शकतं. इथून दुसऱ्या गावी गेलेले आपले जुने सभासद आता देशभर आहेत. नव्याने गाव शोधणाऱ्या कुटुंबाला दोन रात्री ठेवून घ्यायला आणि खरं ते सांगायला तयार असलेल्यांची यादी कार्यकारिणी करते आहे. ती फक्त सभासदांना मिळेल. बाहेरगावी गेलेल्या आणि हे वार्तापत्र अजून आवर्जून वाचणाऱ्या प्रत्येकाने दिवाळीच्या आत आपलं नाव आणि गाव कार्यकारिणीला कळवावं, ही विनंती.

आपली,
संपादक