पितळी तांब्यातील इतिहास

आपल्या घरातील पितळी तांब्या नावाने तांब्याचा असला, तरी त्यात सुमारे तिसरा हिस्सा जस्त असते. हे जस्त धातुरूपात वेगळे काढणे हे प्राचीन जगातील धातुकर्मापुढचे एक अत्यंत अवघड कोडे होते. तांबे, लोखंड भट्टीत तळाशी जमते. जस्ताचे तसे नाही. खनिजातून ते मुक्त करण्यास हजार अंशांहून अधिक उष्णता लागते आणि ९०७ अंशांनाच त्याची वाफ होते. या वाफेस हवा लागली की तिचे पुन्हा पांढरे भस्म होते. म्हणूनच पूर्वी जगभर जस्ताचे खनिज थेट तांब्यासोबत तापवूनच पितळ केले जाई. जस्त कोणाच्या हाती लागत नसे.

हे कोडे सुटले ते उदयपूरजवळील जावर येथे. हिंदुस्थान झिंक, बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि ब्रिटिश म्युझियम यांच्या संयुक्त उत्खननात १९८३ साली तेथे मध्ययुगीन भट्ट्या उजेडात आल्या. एकेका भट्टीत वांग्याच्या आकाराच्या छत्तीस मूषा उलट्या बसविलेल्या असत. वाफ मातीच्या नळीतून खालच्या थंड कप्प्यात उतरे आणि हवेचा स्पर्श होण्यापूर्वीच तिचा धातू होई. ‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथातील ‘वृन्ताक मूषा’ ती हीच! ग्रंथ आणि भट्टी यांची अशी गाठ क्वचितच पडते. युरोपात विल्यम चॅम्पियनने ब्रिस्टल येथे जस्त गाळण्याचे पेटंट घेतले ते १७३८ साली. त्याचीही पद्धत वाफ खाली उतरविण्याचीच होती. तथापि, त्याने ती जावरकडूनच उचलली असे छातीठोकपणे सांगणाऱ्या आपल्या वक्त्यांनी जरा दमाने घ्यावे. साम्य लक्षणीय आहे, पण पुरावा हवा. जावरचे श्रेय त्यावाचूनही उणे होत नाही.

खरा प्रश्न निराळाच आहे. एवढी विद्या हाती असताना तिचे आधुनिक रसायनशास्त्र का झाले नाही? परकीय आक्रमणांकडे बोट दाखविणे सोपे आहे आणि ते सर्वस्वी चूकही नाही. परंतु ज्यांच्या राष्ट्रभक्तीविषयी शंका घेता येणार नाही, त्या आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाचे दोन खंड १९०२ आणि १९०९ साली सिद्ध करताना स्वकीयांनाही सोडले नाही. बुद्धिजीवी वर्गाने हस्तकौशल्य हीन मानून ते कारागीर जातींवर सोपविले. त्यामुळे विचार करणारे डोके आणि काम करणारा हात यांची फारकत झाली, असे त्यांचे निदान होते. ते केवळ लिहून थांबले नाहीत. प्राध्यापक असतानाच त्यांनी बेंगॉल केमिकल्स हा स्वदेशी कारखाना उभा केला. सामाजिक समरसतेचा विचार मांडताना आपण हे निदान किती वेळा उच्चारतो? कारागिरांच्या वस्तीतील मुलाला प्रयोगशाळेचे दार उघडे आहे काय, हे आपल्यापैकी किती जण पाहून आले आहेत?

जावरच्या परिसरात निकामी झालेल्या मूषा रचून बांधलेल्या घरांच्या भिंती अभ्यासकांना आढळल्या आहेत. ‘रसरत्नसमुच्चया’वर वाग्भटाचे नाव आहे, मूषा घडविणाऱ्यांपैकी एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही.